ओल्या प्रोग्रॅमांची बाबागाडी

हॅलिफॅक्सातल्या गालिच्यांच्या गिरणीत लायनेल अ‍ॅक्रॉइडनं आयुष्यभर लोकांचे पगार मोजले आणि संध्याकाळी गावच्या हौशी ऑपेरा मंडळीत कोरसच्या मागच्या रांगेत उभं राहून खर्ज लावला. कधी खलाशी झाला, कधी उमराव, एकदा तर भर उन्हाळ्यात लोकरीची दाढी लावून दरवेशी झाला. नाव असलेली भूमिका त्याच्या वाट्याला कधी आली नाही, आणि आली असती तर बिचारा घाबरून आजारी पडला असता. त्याचा जीव रंगमंचावर नव्हताच. तो होता माळ्यावरच्या खोक्यांत.

खोक्यांत नाटकाचे जुने प्रोग्रॅम होते. नाट्यगृहाच्या दारात हातात देतात त्या चार पानी छापील कार्यक्रमपत्रिका. पण साध्यासुध्या नव्हेत, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या. तेव्हा लंडनच्या हास्यसंगीताच्या कंपन्या रविवारच्या गाडीनं सामानसुमानासकट गावात उतरायच्या, सोमवार ते शनिवार प्रिन्सेस थिएटर दणाणून सोडायच्या आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या गावाला निघून जायच्या. त्या आठवड्याचा उरलेला पुरावा म्हणजे हा कागद. कोण काय गायलं, झगे कुणी शिवले, पियानो कुठल्या दुकानातला, खोकल्याच्या गोळ्या कुणाच्या घ्याव्यात आणि बग्ग्या साडेदहाला दारात आणाव्यात, सगळं त्यात असायचं. काहींना तर अत्तर लावलेलं असे. शंभर वर्षांपूर्वीचं अत्तर आता कुठलं राहायला, पण लायनेल नाक लावून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "व्हायोलेट." हिल्डा, म्हणजे त्याची बायको, शिडीखालून ओरडून सांगायची की ईस्टरला तिनं मानेला लावलेलं अत्तर त्याला चर्च सुटेपर्यंत कळलं नव्हतं.

प्रिन्सेस थिएटर पाडून तिथं मोटारी उभ्या करायची जागा केली होती. गाणारे मेले, त्यांना ऐकणारे मेले, कित्येक संगीतिकांची सुरावटसुद्धा कुठं उरली नव्हती. लायनेलचं म्हणणं एवढंच की ही माणसं होऊन गेली, हे सांगणारं कुणीतरी पाहिजे. कुणीतरी म्हणजे तो आणि त्याचे खोके.

त्यातही एक गठ्ठा लाल फितीत बांधलेला होता. तो त्याचा प्राण. एक छोटी कंपनी नवीकोरी संगीतिका घेऊन आमच्या गावात आली आणि इथंच मोडली. मॅनेजर मोठा छानछोकीचा; पोटाला नसलं तरी प्रोग्रॅम महागड्या गुळगुळीत, चकचकीत कागदावर, आणि तेही रोज नवे छापून घ्यायचा. रोज नवे छापावेच लागायचे म्हणा, कारण पगार न मिळाल्यामुळे रोज कुणी ना कुणी पळून जात होतं. सोमवारी भलीमोठी नामावळी. बुधवारी नायकाचा बाप तोच न्यायाधीश. शुक्रवारी टेनर, म्हणजे उंच पट्टीचा गायक, गात होता आणि तिकिटंही फाडत होता. शनिवारी एकच बाई आई आणि मुलगी दोन्ही होती, आणि गोष्ट अशी की दोघी ताटातूट होऊन शेवटच्या अंकात एकमेकींच्या गळ्यात पडतात. ते तिनं कसं जमवलं असेल, यावर लायनेल जेवताना विचार करायचा. रविवारी मॅनेजर पसार झाला आणि ती संगीतिका जगात पुन्हा कुठंही झाली नाही. ते सहा प्रोग्रॅम लायनेलनं कुणाच्या पियानोच्या स्टुलातून, कुणाच्या मावशीच्या कपाटातून, तसबिरीच्या पाठीमागून, असे तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत गोळा केले. शनिवारचा शेवटी सापडला. एका टोपीच्या डब्यात तळाला घातला होता.

आता घडलं ते असं. नोव्हेंबरात हिल्डानं माळ्यावरच्या पाण्याच्या पाइपांना गुंडाळायला नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या आणल्या आणि लायनेलला वर धाडलं. थंडीत उघडे पाइप गोठतात आणि फुटतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लायनेललाही ठाऊक होतं. पण वर गेल्यावर गारठा त्याच्या हाडांत शिरला आणि त्याला पहिली आठवण झाली ती खोक्यांची. कागदाला गारठा वाईट. पाइपाचं काय, तो धातूचा, त्याला कुठली थंडी वाजते? त्यानं नमदा खोक्यांना गुंडाळला. अंगाई म्हणत पोराला दुपट्यात घ्यावं तसा नीट, कोपरे दुमडून. खाली येऊन म्हणाला, "झालं गुंडाळून." आणि तसं ते खोटंही नव्हतं.

त्या जानेवारीत अशी थंडी पडली की कालव्यावर माणसं चालली. मग एका शनिवारी सकाळी अचानक वारा फिरला, छपरांवरचं बर्फ सुटायला लागलं, आणि न्याहारीच्या टेबलावर लायनेलच्या चहात वरून एक थेंब पडला. त्यानं वर पाहिलं. दुसरा चष्म्यावर पडला.

शेजारच्या गल्लीतला प्लंबर मिस्टर पिकल्स आला, वर गेला, मुख्य नळ बंद करून पुन्हा वर गेला. मग शिडीवरून त्याचं डोकं खाली आलं आणि त्यानं हिल्डाला विचारलं की हे पाइप उघडे आणि खोके बांधलेले, हे मुद्दाम केलंय का.

हिल्डा शिडीच्या पायथ्याशी बादली धरून उभी होती. ती नवऱ्याकडे वळली.

"पाइपाला आणलेलं पांघरूण तू कागदाला घातलंस?"



"चाळीस वर्षं संसार केला मी," ती पिकल्सला म्हणाली, "पण मला कधी कुणी असं गुंडाळलं नाही." आणि बादली रिकामी करायला गेली. तिला रडू येत होतं, ते तिनं मोरीत आटोपलं.

नमद्यानं आपलं काम चोख केलं होतं. फुटलेल्या पाइपाचं पाणी त्यानं स्पंजासारखं पिऊन घेतलं होतं आणि सगळं खोक्यांना पाजलं होतं. लायनेलनं खोके खाली आणले तेव्हा त्यांचे तळ हातातच राहिले. प्रोग्रॅम भिजून लदलदीत झाले होते. हिल्डा म्हणाली, शेगडीपुढं दोरी बांधू, एकेक वाळत घालू. लायनेल एवढ्या जोरानं "नको" म्हणाला की पिकल्सच्या हातातून पाना पडला.

कारण त्याला माहीत होतं. त्या चकचकीत कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. ओला झाला की तो खळीसारखा होतो, आणि सुकला की एक पान दुसऱ्याला असं धरतं की परमेश्वरालाही सुटायचं नाही. असा एक गठ्ठा त्यानं पाहिला होता. एका म्हातारीनं माळ्यावर भिजलेला स्वयंपाकघरात वाळवला होता. हातात घेतला तर वीट. सगळं आत, आणि आत जायला वाट नाही. यावर उपाय एकच, एका संग्रहालयातल्या बाईंनी मंडळीपुढच्या भाषणात सांगितलेला: सुकू द्यायचं नाही, ओले आहेत तसे गोठवायचे, मग महिन्यांनी, थोडे थोडे, सवडीनं सोडवायचे.

तेव्हा पुढचा तासभर त्या घरात असं चाललं होतं, की पिकल्स आणि हिल्डा फडक्यांनी पाणी टिपत होते आणि लायनेल त्यांच्यामधून झारी घेऊन फिरत होता, प्रोग्रॅमांवर पाणी शिंपडत. पिकल्सनं फी न सांगताच टोपी घातली. त्याला वाटलं, या घरात आज पैशाचं बोलणं बरं दिसायचं नाही.

घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात वाटाण्याची एक पिशवी मावत होती. शेजारणीच्या फ्रीझरमध्ये नाताळचा अर्धा टर्की होता आणि तो काढायला ती तयार नव्हती. वाचनालय शनिवारी अर्धा दिवस, पण त्यांच्याकडे फ्रीझर कशाला असेल? फोनवर फोन झाले. लायनेलचा आवाज दर फोनला लहान होत गेला.

"क्लिफर्डकडे माणूस उभा राहील एवढा फ्रीझर आहे," हिल्डा म्हणाली.

"नाही."

"मग वीट होऊ दे. दाराला अडसर म्हणून चालेल."

क्लिफर्ड सगडेन उताराच्या तळाशी डुकराच्या मटणाचं दुकान चालवायचा. पोर्क पाय (मैद्याच्या पारीत भाजलेलं मटण), सॉसेज आणि मंडळीतल्या विनोदी भूमिका या तिन्हींत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तोही प्रोग्रॅम जमवायचा, आणि एके काळी लायनेलचा जिवलग होता. सात वर्षांपूर्वी लायनेलनं त्याला आपला एक प्रोग्रॅम पाहायला दिला. त्यावर कुणा जुन्या प्रेक्षकानं गाण्यागाण्यापुढं पेन्सिलीच्या रेघा मारलेल्या होत्या. ज्या गाण्याला जितके वन्समोअर, तितक्या रेघा, ही त्या काळची पद्धतच. क्लिफर्ड मात्र स्वच्छतेचा भोक्ता. त्यानं मित्रासाठी एक चांगलं काम करावं म्हणून पावाच्या ताज्या गाभ्यानं तो प्रोग्रॅम घासून पांढराशुभ्र करून परत दिला, माहेरवाशिणीला न्हाऊ घालून पाठवावं तसा. लायनेलनं पाहिलं आणि म्हणाला की, "क्लिफर्ड, तू एका माणसाची अख्खी संध्याकाळ पुसून टाकलीस." क्लिफर्ड म्हणाला की कसला माणूस, घाणेरडा होता कागद. त्यानंतर बोलणं बंद. क्लिफर्डला भूमिका नसेल तेव्हा कोरसात दोघं शेजारी उभे राहायचे, एकाच ओळीत एकच सूर लावायचे, आणि पडदा पडला की एक डावीकडून, दुसरा उजवीकडून बाहेर. पोर्क पाय आणायला हिल्डा जायची. पोटाचं भांडण नव्हतं.

मुलीची जुनी बाबागाडी पडवीत होती. तिच्यात मेणकापड घातलं, वर ओल्या चादरी, चादरींत प्रोग्रॅम. लाल फितीचा गठ्ठा लायनेलनं सगळ्यांच्या वर ठेवला, डोळ्यांसमोर राहावा म्हणून. आणि निसरड्या उतारावरून तो गाडी पायांनी अडवत, मागं झुकत खाली आला.

दुकानापुढं शनिवारची रांग दाराबाहेर आली होती.

दुसऱ्या कुठल्या मुलखातला माणूस असता तर धावत आत शिरला असता, घरात आग लागलीय म्हणून ओरडला असता. पण हा हॅलिफॅक्सचा. आमच्याकडे रांग मोडणाऱ्याला तीन पिढ्या विसरत नाहीत. पाद्रीसुद्धा रांगेत उभा राहतो. लायनेल शेवटी जाऊन उभा राहिला. गाडीला रांगेत जागा नव्हती म्हणून ती त्यानं भिंतीला लावली. पोर्क पाय भाजायच्या भट्टीची झडप त्याच भिंतीत होती आणि तिच्यातून ऊबदार वारा बाहेर पडायचा. हिवाळ्यात बायका मुलांना तिथंच उभं करतात. लायनेलचं तिकडं लक्षच नव्हतं. तो मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत होता.

पुढच्या मिसेस बॅराक्लफनी गाडीकडं पाहिलं. नातू का म्हणून विचारलं.

"नाही," लायनेल म्हणाला.

"मग कोण?"

"म्हातारे आहेत सगळे."

त्यांनी यावर थोडा विचार केला आणि अंतर ठेवून उभ्या राहिल्या.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. कुणाला चरबी जास्त झाली होती, कुणाला कमी, कुणी जावयाचं ऑपरेशन सांगत होती. शेवटी लायनेल काउंटरपुढं आला. क्लिफर्डनं मान वर केली. सात वर्षांनी तो सरळ तोंडावर बोलला, पण जसं कुठल्याही गिऱ्हाइकाला बोलावं तसं:

"काय देऊ?"

जुळवलेलं वाक्य राहिलं बाजूला. मागं सगळी रांग. लायनेलच्या तोंडून निघालं, "अर्धा पौंड सॉसेज."

क्लिफर्डनं बांधून दिले. लायनेल बाहेर आला. हातात सॉसेज, भिंतीला गाडी. स्वतःला त्यानं जन्मात वापरला नव्हता असा एक शब्द वापरला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मिसेस बॅराक्लफ खरेदी करून बाहेर पडल्या होत्या, पण आता त्यांना घरी जाववेना. त्यांनी विचारलं, आत्ताच तर घेतलंस ना? तो म्हणाला, ब्लॅक पुडिंग, ते रक्ताचं सॉसेज, विसरलो. आणि भिंतीतून येणारा तो ऊबदार वारा चादरीवरून वाहतच होता.

दुसऱ्यांदा काउंटर आला.

"बोल," क्लिफर्ड म्हणाला.

"तुझा फ्रीझर."

"त्यातलं काय हवंय?"

"काही नको. रिकामा हवाय."

क्लिफर्डनं सुरी खाली ठेवली. लायनेल नुसतं दाराकडं बोट दाखवून उभा होता. क्लिफर्ड हात पुसत बाहेर आला, वाकला, चादर उचलली. लाल फीत त्याला ओळखीची होती. ती एकदा हातात मिळावी म्हणून त्यानं काय काय देऊ केलं होतं, ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानं चादर परत टाकली. आत गेला, दारावरची पाटी उलटी केली आणि उरलेल्या रांगेला सांगितलं, दुकान बंद. शनिवारी, भर दुपारी. असं राजा मेला तेव्हाही झालं नव्हतं. कुणी विचारलं, मग उद्या आम्ही खायचं काय? तो म्हणाला, भाजी खा, मरत नाही माणूस.

मग दोघांनी फ्रीझर उपसला. डुकरांच्या फाळ्या बाहेर येऊन दुकानाच्या आकड्यांवर लटकल्या. क्लिफर्ड बटरपेपर फाडून देत होता, लायनेल एकेक प्रोग्रॅम त्यात गुंडाळत होता. चॉप बांधावेत तशी पुडकी तयार होत होती. क्लिफर्ड मधेच एक उचलून पानं सुटी करून पाहायला लागला. लायनेलनं त्याचं मनगट धरलं. मग क्लिफर्डनं पुडकं परत ठेवलं आणि फक्त विचारलं, "आडवं की उभं?"

"आडवं."

लाल गठ्ठा सगळ्यांत वर होता, म्हणून सगळ्यांत आधी तोच लायनेलनं बाजूला काढून ठेवला होता. नीट, शेवटी, एकटा बांधायचा म्हणून. आता हातात घेतला आणि त्याच्या बोटांना कळलं. वरून, कडांनी तो कोरडा झाला होता. कोरडा आणि घट्ट. त्यानं अंगठ्यानं कोपरा दाबला. कोपरा हलला नाही.

पहिल्यांदाच तोंड उघडलं असतं तर. लायनेलला रांग दिसली, सॉसेज दिसले, भिंतीतली झडप दिसली. सगळं एका ओळीत. तो तिथं बटाट्यांच्या पोत्यावर बसला.

क्लिफर्डनं गठ्ठा त्याच्या हातातून घेतला, आपल्या अंगठ्यानं दाबून पाहिला. जन्मभर मांस हाताळलेला माणूस. त्याला सांगायला नको होतं.

"हाही आत ठेवू?"

"ठेव."

क्लिफर्डनं तो बांधला आणि आत, सगळ्यांच्या पुढं ठेवला.

वसंत आला तेव्हा चर्च सुटल्यावर दर रविवारी दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत संगमरवरी फरशीपुढं बसू लागले. एक पुडकं काढायचं, सावकाश सुटू द्यायचं, टिपकागदांत पान पान उलगडायचं. बरेचसे निघाले. काहींवर डाग राहिले, कुठं एखाद्या गायिकेचा अर्धा चेहरा समोरच्या साबणाच्या जाहिरातीवर जाऊन बसला. हिल्डा चहा घेऊन यायची आणि विचारायची, आज किती जणांना जीव आला? बोलणं फारसं व्हायचं नाही. भांडण मिटलं असं कुणी म्हटलं नाही. त्यासाठी वेळच नव्हता. लाल गठ्ठा मागं मागं राहत गेला. फ्रीझरमध्ये होता तोवर तो मेला नव्हता, म्हणून लायनेल त्याचं नावच काढत नसे.

मे महिन्यात बाकीचं सगळं संपलं. फरशीवर तो एकटा उरला. दोन दिवस त्यांनी त्याला ओल्या फडक्यात ठेवून पाहिलं. लायनेलनं हाडाची पातळ पट्टी घेतली, कडेला लावली, आणि खाली ठेवली.

"तू कर. मला भीती वाटते."

"मी?" क्लिफर्ड म्हणाला. "मागच्या वेळी काय केलं ते विसरलास काय?"

"म्हणूनच. तेव्हा तुला भीती वाटत नव्हती."

क्लिफर्डनं हाड सोलायची सर्वांत पातळ सुरी आणली. लायनेलनं गठ्ठा दोन्ही हातांनी धरला. सुरी सोमवार आणि मंगळवारच्या मध्ये गेली. सोमवार उचलला गेला आणि खाली पांढरा फटक ओरखडा राहिला. अख्खी नामावळी मंगळवारच्या पाठीला उलटी चिकटली होती आणि सुरीबरोबर पिठासारखी झडत होती. मंगळवारचा एक कोपरा वाचला: बग्ग्या साडेदहाला. बुधवार सुटलाच नाही, फाटला. गुरुवारच्या वेळी क्लिफर्डच्या कपाळावरून घाम टपकला, तो त्यानं खांद्यानं पुसला. गुरुवारही गेला. फरशीवर पांढरी भुकटी पडली होती.

क्लिफर्डनं सुरी पुसून पुन्हा लावली. लायनेलनं गठ्ठ्यावर तळहात ठेवला.

"पुरे."

"खाली शुक्रवार आणि शनिवार आहेत, गड्या."

"माहितीय."

"एखादा निघेलही."

"न निघाला तर?"

क्लिफर्ड सुरी हातात धरून वाट पाहत राहिला, लायनेल हात काढेल म्हणून. लायनेलनं काढला नाही.

"असाच ठेवलास तर कधीच उघडायचा नाही तो," क्लिफर्ड हळू म्हणाला.

"नाही उघडणार. पण आत शनिवारची ती बाई आहे. दोन्ही भूमिका करतेय. तेवढी राहू दे."

क्लिफर्डनं सुरी धुतली, जाग्यावर लावली. बटरपेपरचा एक नवा तुकडा फाडला, उरलेला ठोकळा त्यात बांधला, सुतळीची गाठ मारली आणि काउंटरवरून द्यावा तसा लायनेलच्या हातात दिला. भुकटी मात्र त्यानं झाडली नाही. लायनेल तिथं असेपर्यंत तरी नाही.

लायनेल चढावानं घरी निघाला. पुडकं त्यानं दोन्ही हातांनी छातीशी, अगदी आडवं, समतोल धरलं होतं, वाऱ्याकडं पाठ करून. आता त्याला काही व्हायचं उरलं नव्हतं, तरी.